खुर्ज्याचे कटोरे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अलीगढला गेलो होतो. भाचीची विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. आम्ही दोघेही शिक्षक, त्यामुळे मे महिना मोकळा. जालन्याहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली आणि तिथून अलीगढ. परीक्षेनंतर परतीच्या गाडीला दोन दिवस होते. एक दिवस विद्यापीठ पाहण्यात गेला. सर सय्यद यांनी १८७५ मध्ये लावलेल्या रोपट्याचे १९२० मध्ये विद्यापीठ झाले. मौलाना आझाद ग्रंथालयाच्या इमारतीपुढे भाची बराच वेळ नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी लोक आग्र्याला जातात, ताजमहाल पाहतात. आम्ही मात्र खुर्ज्याला गेलो, चिनी मातीचा एक कटोरा आणायला.

हे ऐकून नातेवाईक हसले. कटोरा काय जालन्याच्या बाजारात मिळत नाही? मिळतो, भरपूर मिळतो. वर्षभरात आम्ही पाच-सहा आणलेही होते. पण आम्हाला हवा होता तो त्यात नव्हता. तो का हवा होता, हे आधी सांगायला हवे.

अम्मींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. अल्लाहच्या कृपेने पाय बराचसा सुधारला, काठी घेऊन त्या वजूला स्वतः जातात. हात मात्र अर्धाच परत आला. चमचा धरता येतो, पण मनगट वळत नाही आणि बोटांत जोर नाही. व्यायाम शिकवणारे डॉक्टर म्हणाले होते की जेवण उजव्या हातानेच होऊ द्या, तोच मोठा व्यायाम आहे. अम्मींना ते सांगायची गरजच नव्हती. उजव्या हाताने जेवणे त्यांच्या लहानपणापासूनच्या अंगवळणी. उज्र असेल तर डाव्या हाताने खाल्ले तरी हरकत नाही, हे आम्ही त्यांना मौलवीसाहेबांकडून वदवून घेतले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हात आहे ना अजून? मग वापरू दे."

अडचण भांड्याची होती. स्टीलची वाटी हलकी, ती सरकायची. ताटात खिचडी वाढली तर चमच्याने ढकललेले शिते काठ ओलांडून दस्तरखानवर आणि ओढणीवर पडायची. रुंद तोंडाच्या बाउलमध्येही तेच. बाउलचा काठ बाहेर झुकलेला असतो. चमचा घासाला पुढे रेटतो आणि घास त्या उतारावरून चढून बाहेर जातो. धडधाकट माणूस मनगट वळवून घास उचलतो. ज्याचे मनगट वळत नाही, त्याला घास अडवणारी भिंत लागते. हे आम्हाला फार उशिरा कळले.

तोपर्यंत अम्मींनी दस्तरखानवर बसणे सोडले होते. "तुम्ही जेवून घ्या, मला भूक नाही," असे म्हणायच्या. नंतर आतल्या खोलीत एकट्या, पाठ दाराकडे करून जेवायच्या. भरवू दिले तर चार घास, नाहीतर तेही नाही. ज्यांनी आयुष्यभर एकाच तबकात नातवंडांना घेऊन जेवण केले, बोटीचा चांगला तुकडा हळूच लहान्याच्या पुढे सरकवला, त्या आता भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. मागच्या रमजानमध्ये आमच्या घरी इफ्तारला दस्तरखान पसरायचा आणि अम्मींची खजूर आत जायची. आमच्यापैकी कुणाच्याच घशाखाली नीट घास उतरत नव्हता.

म्हणून अलीगढचे तिकीट काढले तेव्हाच ठरवले, खुर्जा जवळ आहे, तिथे जायचे. निघताना अम्मींचा रोजचा चमचा बॅगेत टाकला. कापडाची पट्टी गुंडाळून त्याची दांडी आम्ही जाड केली होती.

चिमण्यांचे गाव

खुर्जा उत्तर प्रदेशच्या बुलंदशहर जिल्ह्यात आहे. अलीगढहून रेल्वेने तासाभराचा रस्ता. जंक्शन गावापासून लांब आहे, तिथून ई-रिक्शा करावी लागते. मे महिन्याची लू सुरू होती. तोंडाला ओला रुमाल बांधून आम्ही बसलो. दोन्ही बाजूंना सपाट शेते, आणि मग एकाएकी विटांच्या उंच चिमण्या दिसू लागल्या. त्यातल्या बऱ्याच आता थंड आहेत. पूर्वी इथे कोळशाच्या गोल घुमटाच्या भट्ट्या पेटत. आता बहुतेक कारखाने गॅसवर आले आहेत. जुन्या भट्ट्या मात्र अजून जागोजागी उभ्या आहेत. एकीच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या.

इथल्या जुन्या कुंभार घराण्यांपैकी अनेक मुसलमान आहेत आणि स्वतःला मुलतानी म्हणवतात. पूर्वज मुलतानहून आले, अशी त्यांच्यात सांगी आहे. कुणी तैमूरच्या फौजेबरोबर आल्याचेही सांगतात. कोणती गोष्ट किती खरी हा इतिहासकारांचा विषय. पण पांढऱ्या अस्तरावर निळ्या रंगाची वेलबुट्टी आणि वर काचेसारखी चकाकी, हे काम पाहिले की मुलतान, इराण, मध्य आशिया यांची आठवण होतेच. आज गावात शेकडो लहानमोठे कारखाने आहेत. कपबशा, बरण्या, कुंड्या आणि विजेच्या तारांचे पांढरे इन्सुलेटर इथून देशभर जातात. खुर्ज्याच्या या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्याकडच्या कित्येक घरांत लोणच्याची जी पांढरी-तपकिरी बरणी असते, तिचे माहेर खुर्जा असण्याचा संभव मोठा.

मुख्य रस्त्यावर दुकानांच्या रांगा आहेत. जमिनीपासून छतापर्यंत भांडी. आम्ही चार दुकाने फिरलो. चमचा काढून प्रत्येक कटोऱ्यात फिरवून पाहत होतो. दुकानदार आधी चमकले, मग कारण कळल्यावर आपण होऊन निरनिराळे नमुने काढू लागले. सगळे सुंदर, पण सगळ्यांची तोंडे बाहेर उघडलेली. चौथ्या दुकानातल्या तरुणाने सांगितले, "आपल्याला हवाय तो कटोरा दुकानात नाही मिळणार. चाकावर घडवणाऱ्याकडे जा." त्याने गल्लीचा पत्ता दिला.

साचा आणि चाक

गल्लीच्या टोकाला एक लहानसे कारखानावजा घर होते. उस्ताद साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, कोपरापर्यंत माती. सलाम-दुआ झाली. बोलणे उर्दूत झाले, इथे मराठीत देत आहोत.

आम्ही चमचा पुढे केला आणि अम्मींची हकीकत सांगितली. त्यांनी चमचा हातात घेऊन पट्टी गुंडाळलेली दांडी नीट पाहिली. मग विचारले, "कोणता हात?" आम्ही म्हणालो, "उजवा. डावा ठीक आहे." त्यांनी आम्हाला आधी शेजारच्या शेडमध्ये नेले.

तिथे दोन मुले प्लास्टरच्या साच्यांवर काम करत होती. मातीचा गोळा फिरत्या साच्यात टाकायचा, वरून लोखंडी पात्याचा हात खाली आणायचा, की आतला आकार तयार. बाहेरचा आकार साचा देतो. एक कटोरा व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. प्लास्टर मातीतले पाणी शोषून घेते, माती किंचित आकसते आणि कटोरा साच्यातून सुटतो. उस्ताद म्हणाले, "आता सांगा, याचे तोंड आत वळलेले असते तर तो साच्यातून निघाला असता का?"

आम्ही वर्गात मुलांना प्रश्न विचारतो, तसा तो प्रश्न होता. उत्तर समोरच होते. तळ मोठा आणि तोंड लहान असेल तर भांडे साच्यात अडकणार. दोन तुकड्यांचा साचा करता येतो, पण त्यात वेळ आणि खर्च वाढतो. म्हणून बाजारातला बहुतेक कटोरा बाहेर उघडणारा. वर्षभर आम्ही दुकाने धुंडाळत होतो आणि दुकानदारांवर चिडत होतो. खरी मेख साच्यात होती.

चाकावर मात्र असे बंधन नाही. उस्ताद चाकावर बसले. चाक आता विजेवर चालते, पण हात तेच. मातीचा गोळा मध्यावर आणला, अंगठ्याने पोकळ केला, भिंत सरळ वर घेतली आणि शेवटी दोन बोटांनी काठ जरासा आत वळवला. मग चमचा आमच्याकडून घेऊन त्या ओल्या कटोऱ्यात फिरवला. तळ जिथे भिंतीला मिळतो तिथे त्यांनी बोटाने पुन्हा एक गोलाई दिली. "इथे कोपरा राहिला तर शेवटचा घास तिथेच अडकतो," ते म्हणाले. "आणि तुमच्या अम्मी शेवटचा घास सोडणाऱ्या नसतील."

खरेच नव्हत्या. ताट स्वच्छ पुसून खावे, कोणत्या घासात बरकत आहे ते आपल्याला माहीत नसते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण त्यांनी आम्हा सगळ्यांना लहानपणी घोटून घोटून शिकवली होती.

दहाचे नऊ, हजाराचे सातशे

मग मापाचा प्रश्न आला. आम्ही घरी फोन केला. धाकट्या मुलीने औषधाच्या मापाने पाणी मोजून सांगितले की अम्मींच्या वाटीत काठोकाठ १६० मिलिलीटर मावते. अम्मी पूर्वी दोन वाट्या खिचडी घेत, म्हणजे ३२०. कटोरा दोन तृतीयांश भरावा, म्हणजे सांडत नाही. तेव्हा पूर्ण माप ४८० मिलिलीटर हवे. असा हिशेब आम्ही मोठ्या दिमाखात कागदावर मांडला.

उस्ताद हसले. "हे माप ओल्या मातीचे की भाजल्यावरचे?"

माती वाळताना आणि भाजताना आकसते. खुर्ज्याच्या पांढऱ्या मातीत चिनी माती, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असते. ती १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली जाते. आकसण्याचे प्रमाण मातीमातीत बदलते, त्यांच्या मातीचे साधारण दहा टक्के. आम्ही म्हणालो, मग दहा टक्के मोठा करा. त्यांनी मान हलवली आणि शेजारी रंगवत बसलेल्या नातवाला विचारले, "बेटा, मास्तरांना सांग."

नववीतल्या त्या मुलाने सांगितले ते असे. रुंदी दहाची नऊ होते, लांबीही दहाची नऊ आणि उंचीही. तेव्हा दहा गुणिले दहा गुणिले दहा म्हणजे हजार होते, तिथे नऊ गुणिले नऊ गुणिले नऊ म्हणजे सातशे एकोणतीस उरते. कडा दहा टक्के आखडतात, पण मावणारा माल सत्तावीस टक्के कमी होतो. ४८० चा कटोरा हवा असेल तर ओला असताना त्यात जवळपास ६६० मावले पाहिजे.

घनफळाचा हा धडा आम्ही वीस वर्षे शिकवतो आहोत. त्याचे इतके चांगले उदाहरण आम्हाला कधी सुचले नव्हते. घरातली खरेदीही याच हिशेबात फसते. अर्धगोल आकाराच्या १० सेंटिमीटर तोंडाच्या कटोऱ्यात सुमारे २६० मिलिलीटर मावते. तोंड १२ सेंटिमीटर झाले की सुमारे ४५०. १४ झाले की ७०० च्या वर. दुकानात दोन सेंटिमीटरचा फरक डोळ्याला जाणवतही नाही आणि घरी आल्यावर कळते की आपण शीरखुर्म्याच्या प्याल्याऐवजी सालनाचे भांडे घेऊन आलो.

उस्तादांनी दोन मापे ठरवली. एक आमच्या हिशेबाचे, भाजल्यावर तोंड १३ सेंटिमीटर आणि खोली साडेचार. दुसरे त्यांच्या मनाचे, तोंड ११ आणि खोली चार, जेमतेम ३०० मिलिलीटरचे. आम्ही म्हणालो, इतका लहान नको. ते म्हणाले, "आजारी माणसाचा अंदाज कागदावर येत नाही. दोन्ही न्या." प्रत्येकी तीन घडवतो, त्यातले एखाददुसरे वाळताना तडकेल किंवा भट्टीत वाकडे होईल, सहातले चार धरून चला, हेही त्यांनी आधीच सांगितले. तळाचा कडा त्यांनी रुंद ठेवला. साध्या कटोऱ्याला तोंडाच्या तिसऱ्या हिश्शाइतका तळ पुरतो. ज्याला एका बाजूने सारखा धक्का बसणार, त्याला निम्म्याहून जास्त हवा.

आम्ही आणखी एक गोष्ट विचारली, "आतून रंग कोणता?" आमच्याकडे मराठवाड्यात खिचडीबरोबर खट्टा असतो. चिंच, तीळ आणि वरून फोडणी. आंबट पदार्थ निकृष्ट झिलईतले शिसे सोडवू शकतो, हे आम्ही विज्ञानाच्या तासाला शिकवतो. उस्तादांना या प्रश्नाचा राग आला नाही. ते म्हणाले, "आतून साधा पांढरा, शिसे नसलेली झिलई. नक्षी सगळी बाहेरून. खाण्याच्या भांड्यात हेच विचारून घ्यावे."

तेवढ्यात भाची बोलली. दिवसभर ती गप्प होती. "नानींचा एकटीचाच वेगळा कटोरा असेल तर त्या दस्तरखानवर आणखीच येणार नाहीत."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. इतका साधा विचार आमच्या मनात आला नव्हता. वेगळे भांडे म्हणजे आजाऱ्याचे भांडे. मग उस्तादांच्याच नातवाने मार्ग काढला. त्यांच्याकडे साच्यातले तयार कटोरे होते, निळ्या वेलीचे. त्यातले आठ आम्ही घेतले, आणि अम्मींच्या कटोऱ्यांवर बाहेरून तीच वेल काढायची असे ठरले. वरवर पाहता सगळे एका घरचे, फरक फक्त काठाच्या वळणात.

निघताना उस्तादांच्या घरून खुरचन आली. दूध आटवत कढईच्या कडेला जमणारे थर खरवडून ही मिठाई करतात आणि खुर्जा तिच्यासाठीही प्रसिद्ध आहे. अम्मींसाठी वेगळा डबा घेतला. लू अजून ओसरली नव्हती. आठ कटोरे वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतले आणि आम्ही अलीगढला परतलो.

बाजारात उभे राहिल्यावर

या प्रवासात जे शिकलो ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून इथे देतो.

खरेदीला निघताना ज्यांच्यासाठी कटोरा घ्यायचा त्यांचा चमचा सोबत न्या आणि घरातल्या आवडत्या वाटीत किती पाणी मावते ते मोजून लिहून घ्या. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. कटोऱ्याच्या तळाशी लिहिलेले माप बहुधा काठोकाठचे असते, आपण तेवढे कधी भरत नाही.

आकार पदार्थावरून ठरवा. शोरबा, यखनी, हलीम यांना खोल आणि तुलनेने अरुंद कटोरा चांगला, कारण वरचा पृष्ठभाग कमी असला की पदार्थ गरम राहतो. सालनात रोटी बुडवून खायची तर बोटे सहज आत जातील असा रुंद आणि उथळ. शीरखुर्मा प्यायचा असेल तर काठ पातळ आणि किंचित बाहेर वळलेला, म्हणजे ओघळ येत नाही. फिरनीसाठी मात्र झिलईच्या कटोऱ्यापेक्षा कच्च्या लाल मातीचा सकोरा सरस, कारण तो जास्तीचे पाणी शोषून घेतो आणि फिरनी घट्ट बसते.

वजन हातात घेऊन पाहा, आणि त्यात पदार्थाचे वजन मिळवा. ३०० मिलिलीटर शोरब्याचे वजन तेवढेच ग्रॅम असते. वयस्कर माणूस कटोरा हातात धरून पिणार असेल तर हलका हवा. खाली ठेवून खाणार असेल तर जड तळाचा. जाड कटोरा सुरुवातीला पदार्थाचीच उष्णता ओढून घेतो, म्हणून वाढण्यापूर्वी गरम पाण्याने विसळावा.

सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का पाहा. काठावरून बोट फिरवा. तळाचा बिनझिलईचा कडा खरखरीत असेल तर तो टेबलावर ओरखडे काढतो, दुकानदाराकडून घासून घ्या. मग बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. भाजलेला अखंड कटोरा खणखणतो, तडा असेल तर आवाज बसका येतो. सूरह रहमानमध्ये माणसाच्या निर्मितीसाठी खापरासारख्या वाजणाऱ्या मातीचा उल्लेख येतो. कटोरा वाजवताना तो आठवला.

आतली झिलई गुळगुळीत आणि अखंड असावी. केसासारख्या बारीक रेघा पडल्या असतील तर त्यात तेल-मसाला मुरतो. सोनेरी काठाचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. शोभेच्या भांड्यात लोणचे किंवा दही ठेवू नका. आणि संच घ्यायचा असेल तर एकात एक बसतात का ते पाहा. सरळ भिंतीचे कटोरे एकात एक बसत नाहीत, त्यांना कपाटात जागा जास्त लागते.

हाताने घडवलेल्या दोन कटोऱ्यांत एक-दोन मिलिमीटरचा फरक राहणारच. तो दोष मानू नये.

पार्सल

पावसाळा सुरू झाल्यावर पार्सल आले. उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे सहातले चार निघाले होते, दोन मोठे आणि दोन लहान. त्यातला एक मोठा वाटेत फुटला. गवतात गुंडाळूनही फुटला. तुकडे पाहून जीव हळहळला, पण तीन शाबूत होते.

पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर खिचडी, खट्टा आणि कीमा असा बेत केला. दस्तरखानवर सगळ्यांपुढे निळ्या वेलीचे कटोरे ठेवले. अम्मींच्या खोलीत भाचीच गेली. परीक्षेचा निकाल चांगला लागला होता, सप्टेंबरपासून ती अलीगढला राहणार होती. ती एवढेच म्हणाली, "नानी, आज माझ्याजवळ बसा."

अम्मी आल्या. त्यांच्या जागी आम्ही मोठा कटोरा ठेवला होता, आमच्या हिशेबाचा. त्यात दोन डाव खिचडी वाढली. त्यांनी कटोऱ्यात पाहिले आणि बाजूला सरकवला. आमच्या पोटात गोळा आला. अम्मी म्हणाल्या, "हे एवढे मोठे भांडे आणि तळाशी एवढीशी खिचडी. दवाखान्यात असेच वाढायचे. तो लहान दे."

लहान कटोरा पुढे केला. एकाच डावात तो भरला. डाव्या हाताने त्यांनी तो धरला, उजव्या हाताने चमचा पुढे रेटला. खिचडी भिंतीला लागली, आत वळलेल्या काठाखाली थांबली आणि चमच्यात आली. पहिला घास तोंडापर्यंत जाताना थोडा सांडला. दुसरा नाही. आम्ही सगळे मुद्दाम आपापल्या कटोऱ्यात पाहत होतो. लहान मुलीला कुणी सांगितले नव्हते, तरी तीही खाली पाहून जेवत होती.

कटोरा रिकामा झाला. चमचा तळाच्या गोलाईवरून फिरला, शेवटचे शीतही वर आले. मग अम्मींनी कटोरा पुढे केला. "अजून एक डाव. आणि खट्टा वरून घाल, कंजुषी करू नको."

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काही मागून घेतले होते.

आमचा हिशेब चुकला नव्हता, दोन वाट्यांची खिचडी खरोखर दोन वाट्याच झाली. फक्त ती एकदम वाढायची नव्हती. आमच्या कागदावरच्या बेरजेला जे कळले नाही, ते खुर्ज्याच्या उस्तादांनी अम्मींना न पाहता ओळखले होते. आम्ही त्यांना फोन करून सांगितले. ते म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह. फुटलेल्याच्या बदल्यात मोठा पाठवू का?" आम्ही म्हणालो, "लहानच पाठवा."

आता रमजान जवळ येत आहे. अम्मींच्या हाताचा थरकाप पूर्ण गेलेला नाही, आणि जाईलच असेही डॉक्टर सांगत नाहीत. थंडीच्या दिवसांत बोटे आखडतात, त्या दिवशी जास्त सांडते. पण त्या आता दस्तरखानवर आमच्यात बसतात. परवा त्यांनी कपाटातून सगळे कटोरे काढायला लावले आणि मोजले. भाची ईदला येणार आहे, तिचा धरून एक कमी पडतो आहे म्हणाल्या. इन्शाअल्लाह, तो येताना तीच खुर्ज्याहून आणेल. तिथून रस्ता तासाभराचाच आहे.